रंग पक्का आहे ना?

आमच्या ठाण्याच्या दोन खोल्यांच्या घराला ईशान्य कोपरा आहे, हे मेव्हण्यांनी सांगेपर्यंत आम्हाला ठाऊक नव्हतं. मेव्हण्यांनी मोबाइलवर होकायंत्र उघडलं, दोन्ही खोल्यांतून हळूहळू एक चक्कर मारली आणि फ्रिजपाशी थांबून सुस्कारा सोडला. "इथं पाणी हवं. हलतं पाणी." मी म्हटलं, फ्रिजच्या खालच्या ट्रेमध्ये पाणी साठतं आणि मोटर सुरू झाली की ते हलतंही. मेव्हण्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ते तिचेच भाऊ असल्यामुळे विषय तिथेच संपला आणि फ्रिज नैर्ऋत्येला गेला.

प्रिस्क्रिप्शन असं होतं : काचेची टाकी, तिच्यात आठ सोनेरी मासे आणि एक काळा. घरावर संकट चालून आलं की काळा मासा ते स्वतःच्या अंगावर घेतो आणि मरतो. मग दुसरा काळा आणायचा. आमच्याकडे दर महिन्याच्या पाच तारखेला गृहकर्जाचा हप्ता जातो, दहा तारखेला विजेचं बिल येतं आणि पंधरा तारखेला मेव्हणे येतात. या हिशेबाने काळे मासे आम्हाला किलोवर घ्यावे लागले असते. पण ज्याने कोणी ही श्रद्धा बाजारात आणली त्याच्या धंद्याच्या अकलेला माझा नमस्कार आहे. माल मेला तर गिऱ्हाईक भांडायला येत नाही, आभार मानून तोच माल पुन्हा नेतं.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी मी, बायको आणि मुलगी असे तिघं मासे घ्यायला कुर्ल्याला गेलो. बायको मालवणची. मासा म्हटला की तिचा हात आपोआप कल्ल्याकडे जातो. कल्ला लाल, डोळा चकचकीत, मग भाव. दुकानातल्या पन्नास टाक्यांसमोर उभी राहून तिने सवयीने पहिला प्रश्न विचारला, "ताजे आहेत का?" दुकानदार म्हणाला, "वहिनी, पोहतायत."

सोनेरी मासे बाजूलाच राहिले, कारण मुलीची नजर कोपऱ्यातल्या टाकीवर गेली. नवरात्राचे नऊही रंग एका टाकीत पोहत होते. कोणी जांभळा, कोणी गुलाबी, कोणी मोरपंखी, कोणी पोपटी. वाटोळे, गुबगुबीत, जेम्सच्या गोळ्यांना शेपटी फुटावी तसे. "जेलीबीन पॅरट," दुकानदार म्हणाला. "इंपोर्टेड." बायकोने काचेवर बोट टेकवून विचारलं, "रंग पक्का आहे ना?" गेली वीस वर्षं ती हा प्रश्न इरकलीला, खणाला आणि माझ्या शर्टांना विचारत आली आहे. उत्तरही वीस वर्षं तेच येतं. "एकदम पक्का, वहिनी." रुमालाचं टोक ओलं करून कापडावर घासून बघायची तिची पद्धत आहे. मासा आधीच ओला असल्यामुळे ती या वेळी करता आली नाही. तिथेच आम्ही फसलो.

सातशे रुपयांना जोडी घेतली. मुलीने जांभळ्याचं नाव जांभूळ ठेवलं आणि गुलाबीचं गुलकंद.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी लक्षात आलं की दोघांचीही तोंडं मिटत नाहीत. तोंड म्हणजे एक छोटी उभी चीर, कायम उघडी. सोसायटीच्या वार्षिक सभेत 'मला दोन शब्द बोलायचे आहेत' म्हणून उभा राहिलेला आणि अध्यक्षांनी हातानेच खाली बसवलेला सभासद जसा दिसतो, तसे दोघं दिवसभर दिसत. मला वाटलं, पाण्यात काही कमी पडतंय. मग चार पुस्तकं चाळली तेव्हा कळलं, की कमी पाण्यात नाही, माशातच आहे. जेलीबीन पॅरट म्हणजे मुळात ब्लड पॅरट, आणि हा मासा कुठल्या नदीत सापडत नाही. १९८६ च्या सुमारास तैवानमध्ये माणसांनी तो घडवला. त्याचा जबडाच असा वाकडा आहे की तोंड पुरतं मिटत नाही. खाणं तो तोंडाने चावत नाही, घशातल्या दातांनी चिरडतो. नर बहुतेक वांझ. मादी बिचारी अंडी घालते, परांनी वारा घालते, राखण करते, आणि अंडी पांढरी पडून कुजतात.

त्याचे आईबाप कोण, हेही पैदास करणाऱ्यांनी बराच काळ सांगितलं नाही. जाणकारांचा अंदाज असा की एक बाजू मिडास सिक्लिडची, दुसरी रेडहेड सिक्लिडची. दोन्ही घराणी मध्य अमेरिकेतली. म्हणजे माहेर मध्य अमेरिका, जन्म तैवान, नाव पोपटाचं आणि मुक्काम ठाणे पश्चिम.

आमच्या गावाकडच्या काकांना हे सांगितलं तर ते एका शब्दात म्हणाले, "हायब्रीड." साठच्या दशकात संकरित ज्वारी आली तेव्हापासून आमच्याकडे हा शब्द शिवीसारखा वापरतात. जिना चढताना धापा टाकणारा नातू हायब्रीड, उन्हात चक्कर येणारी सून हायब्रीड, पहिल्या पावसात गळणारी शाळाही हायब्रीड. मला हे पटत नाही. संकराशी माझं काही भांडण नाही. खेचर हाही संकरच आहे आणि अर्धा हिमालय त्याच्या पाठीवरून वर गेला. पण खेचराचं तोंड मिटतं. जो प्राणी जन्मभर नीट खाऊ शकणार नाही असा घडला, तो केवळ गोंडस दिसतो म्हणून हजारोंनी काढत राहायचा, याला काकांचा शब्द अपुरा पडतो. आणि एवढं करून माणसाचं समाधान होत नाही. तो पुन्हा म्हणतो, सगळं छान, पण जांभळा असता तर!

तिसऱ्या आठवड्यात गुलकंद गेला. सकाळी उठलो तर पाण्यावर आडवा. मेव्हण्यांना फोन केला. ते गंभीर आवाजात म्हणाले, "संकट घेऊन गेला." मी म्हटलं, "संकट घेऊनच आला होता."

जांभूळ मात्र टिकला. त्याचा रंग टिकला नाही. थंडीत तो फिकट वांगी रंगाचा झाला, संक्रांतीला पोटाकडून पांढरा पडला. मग पाठीवर ठिगळं दिसायला लागली, पावसाळ्यानंतरच्या सोसायटीच्या भिंतीसारखी. रंगपंचमीच्या दिवशी खाली पोरं एकमेकांना रंगवत होती आणि वर आमच्या ईशान्येला उरलासुरला रंग उतरत होता. बायको टाकीसमोर उभी राहून एवढंच म्हणाली, "मी विचारलं होतं."

मी दुकानात गेलो. दुकानदाराने आधी पाण्याची चौकशी केली. टँकरचं की पालिकेचं? मग दिव्याची. मग खाण्याची, रंग खुलवणारं खाणं म्हणून एक डबी पुढे केली. मी जागचा हललो नाही, तेव्हा तो आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, रंग दिलेला होता. पण मासा ओरिजिनल आहे." मी म्हटलं, मासा तर तैवानचा संकर. "मग ओरिजिनल काय आहे यात?" तो जरा विचारात पडला आणि अतिशय प्रामाणिकपणे म्हणाला, "पैसे."

'रंग दिलेला' म्हणजे काय हे मला तोपर्यंत नीटसं माहीत नव्हतं. लहानपणी आठवडी बाजारात पाटीभर गुलाबी-हिरवी कोंबडीची पिल्लं मिळायची. मी हट्टाने एक गुलाबी पिल्लू घेतलं होतं. दोन महिन्यांत ते साधी पांढरी कोंबडी झालं आणि पुढचं सांगत नाही. पोळ्याला बैलांची शिंगं आम्ही हिंगुळाने रंगवायचो, वर बेगड चिकटवायचो. पण बैलाचा रंग शिंगावर असतो, त्या दिवशी त्याला जू नसतं आणि वरून पुरणपोळी असते. माशाच्या रंगाला पुरणपोळी नसते. एक पद्धत सुईची : इंजेक्शनच्या सुईने रंग थेट अंगात सोडायचा, आणि एकदा टोचून भागत नाही म्हणून पुन्हा पुन्हा टोचायचं. दुसरी बुडवण्याची. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो त्याचा रेनकोट. रोगजंतू त्यावरून घसरून जातात. तो थर आधी जळजळीत द्रावणात बुडवून काढून टाकायचा, मग मासा रंगात बुडवायचा, मग दुसऱ्या झोंबऱ्या द्रावणात घालायचा म्हणजे थर पुन्हा धरतो. या सगळ्यातून जे जगतात ते दुकानात येतात. लेझरने अंगावर फुलं आणि अक्षरं गोंदलेले पॅरट विकले गेले आहेत. शेपटी कापून बदामाच्या आकाराचे केलेलेही विकले गेले आहेत, 'लव्ह हार्ट' या नावाने. शेपटी कापायची आणि नाव प्रेमाचं ठेवायचं, याला वेगळंच काळीज लागतं.

आणि इतकं करून रंग किती टिकतो? काही महिने. आमच्या खिडकीचे पडदे याहून जास्त टिकले.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते काचमाशाचं. हा मासा आपला आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्या-तळ्यांत, भाताच्या शेतात राहणारा, दोन-अडीच इंचांचा. बंगालीत त्याच्या कुळाला चांदा म्हणतात. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने गंगेतल्या माशांवर १८२२ मध्ये जो ग्रंथ काढला, त्यात त्याने तेच नाव शास्त्रात घेतलं : चांदा रंगा. बघा, नावातच 'रंगा' होता. पण हा मासा आरपार दिसतो. काट्यांची ओळ मोजता येते, पोटातली हवेची पिशवी चकाकताना दिसते, पलीकडची पाणवनस्पतीसुद्धा त्याच्यातून दिसते. आपण पंच्याहत्तर वर्षं प्रत्येक निवडणुकीत पारदर्शक कारभार मागतो आहोत. निसर्गात खरोखर पारदर्शक असा एक जीव सापडला, तर माणसाने त्याला पाहून काय करावं? सुई भरून त्याच्या पाठीवर हिरवा पट्टा मारला आणि तो 'डिस्को फिश' म्हणून विकला. मोकळी जागा दिसली की भिंतीवर जाहिरात रंगवणाऱ्यांची ही जात पाण्यातही पोहोचली.

ब्रिटनमध्ये 'प्रॅक्टिकल फिशकीपिंग' या मासिकाने १९९६ पासून याविरुद्ध मोहीमच चालवली. दुकानदारांकडून 'आम्ही रंगवलेले मासे विकणार नाही' असं लिहून घेतलं. तिथे झालेल्या तपासणीत रंगवलेल्या काचमाशांपैकी ४० टक्क्यांहून अधिकांना लिम्फोसिस्टिस हा विषाणूचा रोग आढळला होता. न रंगवलेल्यांत तो १० टक्क्यांना होता. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा आहे आणि त्यात 'प्राणी' या शब्दाची व्याख्या माणूस सोडून कोणताही सजीव अशी आहे. म्हणजे जांभूळ त्या कायद्यात बसतो. मेव्हणे बसत नाहीत.

आमच्या इमारतीत माशांचं खरं प्रस्थ तिसऱ्या मजल्यावर आहे. सेक्रेटरींकडे फ्लॉवरहॉर्न आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी : हातभर नसला तरी वीतभर मासा, कपाळावर उकडलेल्या अंड्याएवढं टेंगूळ, अंगावर काळ्या खुणांची ओळ. हाही संकरच. नव्वदच्या दशकात मलेशिया-तैवानकडे मध्य अमेरिकेतल्या सिक्लिड माशांच्या सरमिसळीतून निघालेला. टेंगूळ जितकं मोठं तितकं नशीब थोर आणि अंगावरच्या खुणांत चिनी शुभाक्षरं दिसली तर किंमत विचारूच नये, असा समज तिकडे पसरला. त्या खुणांत आकडे वाचून लॉटरीला लावणारेही होते. मुंबईच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मटक्याच्या काळात आपल्याकडे भिकाऱ्याच्या शिव्यांतूनही आकडा काढत. गंमत म्हणजे चिनी भाषेत या माशाला लुओहान म्हणतात, म्हणजे अर्हत. ज्याची तृष्णा संपूर्ण गेली तो. त्याचं नाव टेंगळामुळे पडलं आणि विक्री तृष्णेमुळे झाली. २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सिंगापूर-मलेशियात याचं नुसतं वेड होतं. मग वेड ओसरलं, भाव पडले आणि लोकांनी नको झालेले अर्हत तलावांत नेऊन सोडले. तिथे ते स्थानिक माशांच्या जिवावर उठले.

सेक्रेटरींचा फ्लॉवरहॉर्न टाकीत एकटाच असतो. दुसरा मासा ठेवला की हा त्याला मारतो. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तरी धावून जातो. मेंटेनन्स थकवणाऱ्यांना सेक्रेटरी मुद्दाम त्याच टाकीसमोर बसवतात. नशीब फळफळलं का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तीन टर्म बिनविरोध." यावर मला बोलता आलं नाही.

रंग गेलेल्या जांभळाला जोड म्हणून काही मिळतं का ते बघायला मी पुन्हा कुर्ल्याला गेलो (शहाणपण एका फेरीत येत नाही). दुकानदाराने या वेळी चमचमते हिरवे, तांबडे, नारिंगी छोटे मासे दाखवले. "साहेब, याचा रंग जाणार नाही. याच्या पोरांनाही येतो. घराण्यातच आहे." आणि या वेळी तो खरं बोलत होता. हे मासे टोचलेले नव्हते. मुळात हा झेब्राफिश, निळ्या पट्ट्यांचा, आपल्याच नद्यांतला, हॅमिल्टनच्या त्याच १८२२ च्या ग्रंथातला. म्हणजे त्या एका पुस्तकातल्या दोन गरीब माशांना पुढे माणसाने गाठलं : एकाला सुईने, दुसऱ्याला जनुकाने. १९९९ च्या सुमारास सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी जेलीफिशचं चमकणारं जनुक झेब्राफिशच्या अंड्यात घातलं. हेतू चांगला होता : पाणी दूषित असेल तर मासा चमकून सांगेल, असं काहीतरी करायचं होतं. पण पाणी तपासायला गिऱ्हाईक कुठून आणणार? चमकायला गिऱ्हाईक आहे. २००३ च्या अखेरीस अमेरिकेत तो 'ग्लोफिश' या नावाने शोभेचा मासा म्हणून बाजारात उतरला. असे जनुक बदललेले जीव आपल्याकडे आणायला आणि विकायला १९८९ च्या नियमांप्रमाणे सरकारी मंजुरी लागते. मी दुकानदाराला मंजुरीचं विचारलं. त्याने मला रंग खुलवणारं खाणं पुन्हा दाखवलं.

तरी मला या माशाबद्दल राग येईना. निदान त्याला कोणी टोचत नाही. त्याची तब्येत बरी असते, तोंड मिटतं, पोरं होतात. फक्त तो जिथून आला त्या ओढ्यात हिरवा दिवा लावून निघाला तर बगळ्याला किती सोपं जाईल, एवढाच विचार मनात आला. काही न घेता परतलो.

एका शुक्रवारी दारावर मासे घेऊन येणारी कोळीण मावशी पाणी प्यायला आत आली. तिने टाकी पाहिली. पाटी खाली ठेवून जवळ गेली, वाकून जांभळाला दोन्ही बाजूंनी न्याहाळलं. "काय गो बाय, ह्यो खायाचा?" बायको म्हणाली, नाही. "मग इकायचा?" नाही. "मग कितीला घेतलास?" बायकोने जोडीचा आकडा सांगितला. मावशीने एकदा माशाकडे, एकदा बायकोकडे, आणि सगळ्यात जास्त वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मिटना तोंड त्याचं. बिचारा. त्याला बारीक जवला घाल." आणि मूठभर जवळा ठेवून गेली. त्या दिवसापासून जांभूळ जवळ्यावर आहे. आमचं आणि त्याचं माशांचं बिल आता एकत्रच येतं.

नावाचा प्रश्न तेवढा शिल्लक होता. अंगावर जांभळं काही उरलेलं नसताना जांभूळ म्हणून हाक मारायला मला संकोच वाटायचा. मुलगी नाव बदलायला तयार नव्हती. शाळेच्या निबंधात ते लिहून झालं होतं. तोडगा बायकोने काढला. मालवणात पांढरं फळ येतं, घंटीच्या आकाराचं, पाणीदार. त्याला जाम म्हणतात. अक्षरं थोडी गळली, रंगासारखीच. आता तो जाम आहे.

तुम्हीही कधी टाकीसाठी मासा आणायला गेलात तर एक करा. रंगीबेरंगी टाकी ओलांडून पुढे जा आणि न रंगवलेला, साधा, आरपार दिसणारा काचमासा मागा. दुकानदार म्हणेल, "त्याला गिऱ्हाईक नाही, साहेब." त्याला म्हणावं, आहे, समोर उभं आहे. आणि घरी आणल्यावर मऊ खाणं थोडं थोडं घाला, पाणी आठवड्याला पावच बदला. सगळं एकदम बदललं की मासे दगावतात.